नापोलीचे तीन हंगाम आणि फुटबॉल मॅनेजरची पारख

सव्वाबारा (धागाकर्ता)

फुटबॉल मॅनेजरबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतो. त्याने किती करंडक जिंकले, आणि ते जिंकण्यासाठी क्लबला किती पैसा ओतावा लागला. गेली पंधरा-सोळा वर्षे युरोपातल्या लीग नेमाने पाहताना मला ही दोन्ही मापे दिवसेंदिवस अपुरी वाटू लागली आहेत, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण नापोली हा क्लब आहे. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांत तिथे जे घडले, तितका स्वच्छ दाखला मला दुसऱ्या कुठल्या क्लबमध्ये सापडलेला नाही, म्हणून तो सविस्तर मांडतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात नापोलीने कालिदू कुलिबालीला चेल्सीला विकले, लोरेन्झो इन्सिन्ये टोरांटोला गेला आणि ड्रीस मर्टेन्सचा करार संपला. वर्षानुवर्षे संघाचा भार वाहणारे तीन जण एकदम गेले आणि शहरात नाराजी पसरली. त्यांच्या जागी फेनरबाचेकडून किम मिन-जे हा कोरियन बचावपटू आला आणि जॉर्जियातल्या दिनामो बातुमीकडून ख्विचा क्वारात्स्खेलिया आला, तोही जेमतेम एक कोटी युरोंत. लुचानो स्पालेत्तीच्या हाताखाली याच संघाने ९० गुण मिळवले, दुसऱ्या क्रमांकावरच्या लाझिओला १६ गुणांनी मागे टाकले आणि १९९० नंतर प्रथमच सेरी आ (इटलीची अव्वल लीग) जिंकली. अख्ख्या हंगामात संघावर फक्त २८ गोल झाले.

विजेतेपदानंतर स्पालेत्ती गेला, खेळाडू हेरून आणणारा क्रीडा संचालक क्रिस्तियानो जुंतोली युव्हेंटसला गेला आणि किम पाच कोटी युरोंना बायर्न म्युनिकला गेला. बाकीचा संघ जवळपास जसाच्या तसा राहिला. लीगमध्ये सर्वाधिक २६ गोल करणारा ऑसिमेन राहिला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्वारात्स्खेलिया राहिला, मधल्या फळीतले लोबोत्का आणि अँगिसा राहिले, बचावातले दी लोरेन्झो आणि रहमानी राहिले, गोलरक्षक मेरेत राहिला. त्या वर्षी रुडी गार्सिया, वॉल्टर मात्सारी आणि फ्रान्चेस्को काल्झोना असे तीन मॅनेजर झाले. संघ ५३ गुणांसह दहावा आला आणि त्याच्यावर ४८ गोल झाले. गतविजेता संघ वर्षभरात ३७ गुणांनी खाली आला, तोही आपले दोन सर्वांत मोठे खेळाडू हाताशी असताना.

आणि मग २०२४ मध्ये मॅनेजर म्हणून आंतोनियो कोंते आला. पहिल्याच सामन्यात व्हेरोनाने ३-० असा पराभव केला. ऑसिमेन लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गॅलातासरायला गेला. जानेवारीत, संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असताना, क्वारात्स्खेलियाला सुमारे सात कोटी युरोंना पॅरिस सेंट-जर्मेन या क्लबला विकले गेले आणि त्याच्या तोडीचा कोणीही आणला गेला नाही. उन्हाळ्यात मोठी रक्कम देऊन आणलेला बचावपटू बुओंजोर्नो दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होता. तरीही नापोलीने ८२ गुणांसह, इंटरपेक्षा केवळ एका गुणाने पुढे राहून, लीग जिंकली आणि संघावर २७ गोल झाले. म्हणजे किमसह खेळलेल्या वर्षापेक्षाही एक कमी.

२३ मे २०२५ चा काल्यारीविरुद्धचा शेवटचा सामना आपल्याकडे मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाला. घरातले सगळे झोपलेले होते आणि मी आवाज बंद करून पाहत होतो. ४२ व्या मिनिटाला उजवीकडून पोलितानोने चेंडू आत टाकला आणि पेनल्टीच्या ठिपक्याजवळ स्कॉट मॅकटॉमिनेने अंग आडवे हवेत झोकून, जमिनीवर पाय नसताना, तो जाळ्यात मारला. ज्या खेळाडूला मँचेस्टर युनायटेडने सुमारे तीन कोटी युरोंना जाऊ दिले होते, तो १२ गोलांसह त्या हंगामात सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माझे म्हणणे असे आहे. मॅनेजरची पारख त्याने विकत आणलेल्या खेळाडूंवरून करू नये, कारण त्या खरेदीत मालक, क्रीडा संचालक, दलाल, पगाराची मर्यादा अशा अनेकांचा हात असतो. जे खेळाडू त्याच्या आधीपासून तिथे होते, त्यांचे त्याच्या हाती काय झाले ते पाहावे. मेरेत, दी लोरेन्झो, रहमानी, लोबोत्का, अँगिसा, पोलितानो हे सहाही जण तिन्ही हंगामांत होते. तेच सहा जण एकदा २८ गोल झालेल्या संघात आहेत, मग ४८ मध्ये आणि मग २७ मध्ये. हा फरक ट्रान्सफरच्या बाजारातून आलेला नाही. जाणकारांनी माझे म्हणणे तपासून पाहावे, अशी विनंती आहे.


खतावणी

उत्तम मांडणी. नापोलीचा दाखला मलाही पटतो. परंतु खरेदी-विक्रीला आपण मॅनेजरच्या पारखीतून जवळपास बाहेरच ठेवले आहे आणि ते मला मान्य नाही. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा असल्याने त्या बाजूने लिहितो.

प्रथम मॅकटॉमिनेविषयी. तो युनायटेडच्या अकादमीत लहानाचा मोठा झाला. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लबच्या वहीत कराराच्या वर्षांवर विभागून लिहिली जाते; १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी २ कोटी खर्च पडतात, आणि दोन वर्षांनी विकला तर वहीत त्याची ६ कोटी किंमत शिल्लक असते. अकादमीतल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीचा पै न पै नफा म्हणून धरला जातो. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या तोट्याच्या मर्यादेत बसण्यासाठी इंग्लंडमधले क्लब आपल्याच घरच्या मुलांना विकत होते, त्यामागे हे गणित होते. तेव्हा मॅकटॉमिने गेला हा युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर टेन हाग याच्या एकट्याच्या नजरेचा दोष म्हणता येणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत दोन गोल करून त्यानेच हरलेला सामना जिंकून दिला होता, म्हणजे पेनल्टी क्षेत्रात अचूक वेळी पोहोचण्याचा त्याचा गुण तिथेही दिसलेला होता.

पण त्याच टेन हागच्या काळात आयॅक्सकडून अँटनी ९.५ कोटी युरोंना आला. टेन हागने त्याला आयॅक्समध्ये स्वतः खेळवले होते. येथे मॅनेजरला खरेदीतून मोकळे सोडता येत नाही, कारण तो खेळाडू त्याच्या ओळखीचा होता. डच लीगमध्ये उजव्या बाजूने आत येऊन डाव्या पायाने मारायला त्याला जी जागा मिळत असे, ती इंग्लंडमध्ये मिळणार नाही, हे पाहणे हेच मॅनेजरचे काम होते. पुढे २०२५ च्या जानेवारीत अँटनी लोनवर रेआल बेतिसला गेला, तिथे त्याचा खेळ खुलला आणि बेतिस कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. खेळाडू वाईट नव्हता. खरेदी वाईट होती, आणि हा भेद हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

याच्या उलट लेस्टर. २०१६ चे विजेतेपद सर्वजण क्लाउडिओ रानिएरीच्या नावावर लिहितात. परंतु व्हार्डी २०१२ मध्ये फ्लीटवुडकडून आणि माहरेझ २०१४ च्या जानेवारीत ल हाव्रकडून आला, आणि त्या दोन्ही वेळी मॅनेजर नायजेल पिअर्सन होता. २०१५ मध्ये कॉंकडून कांते आला तो रानिएरीच्या काळात, पण त्याला हेरण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे क्लबसाठी खेळाडू शोधणाऱ्या स्टीव्ह वॉल्शला दिले जाते. कांते वर्षभरात चेल्सीला गेला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत रानिएरीला काढले गेले. आपल्या मापाने रानिएरी थोर ठरतो, कारण व्हार्डी आणि माहरेझ आधीपासूनच तिथे होते. पण पुढच्याच हंगामात ते दोघेही त्याच्याच हाताखाली होते आणि संघ पदावनतीच्या दारात उभा होता. मग कोणते वर्ष खरे मानायचे?


मधली फळी

कोंतेविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती नापोलीच्या दाखल्याला थेट लागू पडते.

२०११-१२ मध्ये युव्हेंटसला त्याने लीगमध्ये एकही सामना न हरता विजेते केले. आधीच्या वर्षी युव्हेंटस सातवा आला होता, त्यामुळे त्या हंगामात त्याला युरोपीय स्पर्धा नव्हती. २०१६-१७ मध्ये त्याने चेल्सीला ९३ गुणांसह विजेते केले. आधीच्या वर्षी चेल्सी दहावा होता, युरोप नव्हता. २०२४-२५ चा नापोलीही दहाव्या क्रमांकावरून आलेला, युरोप नाही. इंटरसोबत २०२०-२१ मध्ये जिंकले तेव्हा संघ डिसेंबरातच चॅम्पियन्स लीगच्या गटात शेवटचा राहून बाहेर पडला होता आणि उरलेला हंगाम मोकळा होता.

हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. कोंतेची पद्धत रोजच्या सरावावर उभी आहे. चेंडू नसताना अकराजणांनी कसे सरकायचे, चेंडू मिळताच कोणता पास आधी आणि कोणता नंतर, हे तो मैदानावर प्रतिस्पर्धी न ठेवता पुन्हा पुन्हा करून घेतो, इतके की खेळाडूला विचार करावा लागू नये. शनिवारी सामना आणि पुढच्या शनिवारपर्यंत आठवडा मोकळा असेल तर हे जमते. मंगळवारी किंवा बुधवारी दुसऱ्या देशात सामना असेल तर मधले दिवस प्रवासात आणि थकवा उतरवण्यात जातात. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून ३-० ने हरल्यावर त्याने चेल्सीला तीन बचावपटूंच्या रचनेत बदलले आणि पाठोपाठ १३ लीग सामने जिंकले. मधल्या आठवड्यात युरोप असता तर इतकी मोठी दुरुस्ती इतक्या लवकर झाली असती का, याची मला शंका आहे.

म्हणून जुन्या खेळाडूंचे काय झाले हे पाहताना, त्या मॅनेजरला आठवड्यात सरावाचे किती दिवस मिळाले हेही पाहायला हवे. स्पालेत्तीने ९० गुण मिळवले ते चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी खेळत असताना. माझ्या लेखी त्याचे ते वर्ष कोंतेच्या वर्षापेक्षा मोठे आहे.


सव्वाबारा (धागाकर्ता)

मधली फळी, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मी मनापासून स्वीकारतो. मात्र युव्हेंटसने कोंतेच्याच हाताखाली पुढची दोन वर्षेही लीग जिंकली. २०१२-१३ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत होता आणि २०१३-१४ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत खेळून त्यांनी १०२ गुण मिळवले. एकदा पद्धत अंगात मुरली की नंतर मोकळ्या आठवड्याची तितकी गरज उरत नसावी. पहिले वर्ष मोकळे मिळणे हा मात्र त्याच्या यशाचा भाग आहे, हे नाकारता येत नाही.

खतावणी, रानिएरीच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. कांते गेला एवढेच कारण पुरेसे वाटत नाही आणि चॅम्पियन्स लीगचा ताण एवढेच म्हणूनही समाधान होत नाही.


रूरवासी

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे जर्मनीतल्या रूर भागात राहतो आहे आणि इथे राहून डॉर्टमुंडचा चाहता न होणे अवघड आहे. गुणतक्त्यावरून मॅनेजरला जोखणे किती घातक असते, ते या शहराने जवळून पाहिले आहे.

डॉर्टमुंड हा विकणारा क्लब आहे. डेम्बेले रेनकडून दीड कोटी युरोंना घेतला आणि वर्षभरात बार्सिलोनाला १०.५ कोटींना विकला. हालांड साल्झबुर्गकडून दोन कोटींना आला आणि २०२२ मध्ये करारातल्या ठरीव रकमेवर, सहा कोटींना, मँचेस्टर सिटीला गेला. बेलिंगहॅम २०२३ मध्ये रेआल माद्रिदला गेला, १०.३ कोटींना. या क्लबच्या मॅनेजरला दर उन्हाळ्यात आपला सर्वोत्तम खेळाडू जाणार हे गृहीत धरूनच संघ बांधावा लागतो. हालांडच्या जागी आयॅक्सकडून सेबास्तियन आले (Haller) या आघाडीच्या खेळाडूला घेतले. येऊन काही दिवस झाले नाहीत तोच त्याला वृषणाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, आणि २०२३ च्या जानेवारीत तो पुन्हा मैदानात उतरला. कोणत्या हिशेबात ही खरेदी चूक धरायची?

२७ मे २०२३. शेवटच्या दिवशी डॉर्टमुंड बायर्नच्या दोन गुणांनी पुढे होता आणि घरच्या मैदानावर माइन्झला हरवले की विजेतेपद आमचे होते. स्टेडियमचे तिकीट मिळणे शक्यच नव्हते; जवळच्या एका बिअरगार्डनमध्ये आम्ही पडद्यासमोर उभे होतो. माइन्झने आधी गोल केला. लगेच पेनल्टी मिळाली, आले पुढे आला, आणि त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला. मग दुसरा गोल झाला. उत्तरार्धात गेरेरोने एक फेडला. ८१ व्या मिनिटाला आमच्या पडद्यावर काहीच घडत नसताना सगळीकडे एकदम आरोळी उठली, कारण तिकडे कोलोनने पेनल्टीवर बायर्नशी बरोबरी केली होती. त्या क्षणी डॉर्टमुंड १-२ असा हरत होता आणि तरीही जर्मनीचा विजेता होता. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ दोन्ही हातांनी आपला स्कार्फ तोंडावर दाबून उभे होते. आठ मिनिटांनी मुसियालाने बायर्नसाठी गोल केला. आमचा सामना २-२ झाला, दोन्ही संघांचे ७१ गुण झाले आणि गोलफरकावर बायर्न विजेता ठरला.

डॉर्टमुंडचा मॅनेजर एदिन तेरझिच रडत दक्षिणेच्या गॅलरीसमोर उभा राहिला. दुसरीकडे बायर्नने त्याच दिवशी, करंडक हातात असताना, मुख्य अधिकारी ऑलिव्हर कान आणि क्रीडा संचालक सालिहामिजिच यांना काढून टाकले. मार्चमध्ये, डॉर्टमुंडपेक्षा फक्त एका गुणाने मागे असताना, मॅनेजर नागेल्समनला काढून टुखेलला आणले होतेच. कोलोनमधला तो शेवटचा गोल झाला नसता तर तेरझिच हा क्लॉपनंतर लीग जिंकणारा पहिला डॉर्टमुंडचा मॅनेजर झाला असता. तो झाला, म्हणून तो हरलेला मॅनेजर. दोन्ही स्थितींत त्याचे वर्षभराचे काम तेच होते.

पुढच्या वर्षी बेलिंगहॅमशिवाय हाच मनुष्य संघाला लीगमध्ये पाचव्या क्रमांकावर आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात घेऊन गेला. उपांत्य फेरीत पॅरिसला दोन्ही सामन्यांत १-० ने हरवले. वेम्बलीवर रेआलकडून २-० अशी हार झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने पद सोडले. पाचवा क्रमांक पाहिला तर त्याला जाऊ देणे योग्य, अंतिम सामना पाहिला तर अन्याय.


खतावणी

रूरवासी यांनी लिहिलेल्या शेवटच्या वाक्याचा सर्वांत टोकाचा दाखला लंडनमध्ये झाला. २०२४-२५ मध्ये टॉटेनहॅम ३८ पैकी २२ लीग सामने हरून १७ वा आला आणि त्याच हंगामात २१ मे रोजी बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून युरोपा लीग जिंकला. २००८ नंतरचा त्यांचा तो पहिला करंडक. ६ जूनला मॅनेजर आंगे पोस्टेकोग्लूला काढले. हंगामाच्या मध्यात त्याचे बचावपटू आणि गोलरक्षक एकाच वेळी जायबंदी होते, आणि वसंत ऋतूत त्याने लीग बाजूला ठेवून युरोपवर भर दिला. ती निवड योग्य होती असे मला वाटते. चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळवून देणारा करंडक आणि १४ वा की १७ वा क्रमांक, यांत निवड करायची वेळ आली तर कोणीही करंडकच निवडावा. पण २२ पराभव ही केवळ निवड नसते, हेही खरे आहे.


मडगावकर

मी गोव्यात पंधरा वर्षांखालील मुलांना शिकवतो, त्यामुळे बाजारभावापेक्षा खेळाडू मैदानावर कुठे उभा आहे याकडे माझे लक्ष अधिक असते. धागाकर्त्यांच्या मापाशी मी सहमत आहे, पण त्यातली एक अडचण दाखवतो.

जोझे मोरिन्योच्या चेल्सीने २०१४ च्या जानेवारीत केव्हिन डी ब्रॉयनेला वोल्फ्सबुर्गला विकले आणि त्याच महिन्यात बाझलकडून मोहम्मद सालाहला घेतले. सालाहलाही फारसे खेळवले नाही. तो आधी फिओरेंतिना आणि मग रोमाकडे लोनवर गेला. डी ब्रॉयने पुढे सिटीचा कणा झाला आणि सालाहने २०१७-१८ मध्ये लिव्हरपूलसाठी लीगमध्ये ३२ गोल केले. जुन्या खेळाडूंचे काय झाले या मापाने मोरिन्यो नापास ठरतो. परंतु २०१४-१५ मध्ये त्याने याच दोघांना बाजूला ठेवून चेल्सीला ८७ गुणांसह विजेते केले. त्याला त्या वर्षी लीग जिंकायची होती आणि त्याने जिंकली. दहा वर्षांचा विचार करणे हे मालकाचे काम होते. जो मनुष्य दोन हंगामांपलीकडे आपल्या खुर्चीची खात्री बाळगू शकत नाही, त्याने बावीस वर्षांच्या मुलाची वाट पाहावी अशी अपेक्षा आपण कशी करायची?

माझ्या दृष्टीने मॅनेजरची खरी कसोटी वेगळी आहे. आधीच्या चार-पाच जणांनी ज्या खेळाडूत जे पाहिले नाही, ते त्याला दिसले का? उस्मान डेम्बेलेचे उदाहरण घ्या. बार्सिलोनात सहा वर्षे, असंख्य दुखापती, उशिरा येण्याच्या तक्रारी. २०२३ मध्ये पाच कोटींना पॅरिसला. तिथे मॅनेजर लुईस एन्रिकेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी त्याला संघाबाहेर ठेवले. आणि नंतर त्याच खेळाडूला मैदानाच्या कडेवरून उचलून मध्यभागी आणले. एम्बाप्पे गेला होता, त्याच्या आधी मेस्सी आणि नेमार गेले होते, आणि हा विसंबण्याजोगा नसलेला विंगर आघाडीच्या मध्यभागी उभा राहिला. त्या हंगामात त्याने ३५ गोल केले.

म्युनिकमधला चॅम्पियन्स लीगचा २०२५ चा अंतिम सामना मी मुलांना बसवून दाखवला आणि त्यांना सांगितले की गोल पाहू नका, इंटरचा गोलरक्षक झोमर गोलकिक घेताना डेम्बेले काय करतो ते पाहा. तो पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर गुडघ्यांत वाकून, धावण्याच्या शर्यतीत इशाऱ्याची वाट पाहणाऱ्या मुलासारखा उभा होता, नजर झोमरच्या पायावर. चेंडू हलला की हा सुटे. पॅरिस ५-० ने जिंकले. डेम्बेलेचा स्वतःचा एकही गोल नव्हता. ज्याच्याविषयी आळशी म्हणून सात वर्षे लिहिले गेले, त्याला असे उभे राहायला लावणे हे मॅनेजरचे काम आहे, आणि हे कोणत्याही रकमेला विकत मिळत नाही. माझ्याकडचा एक मुलगा, जो चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, दुसऱ्या दिवशी सरावात तसाच वाकून उभा राहिला.


सव्वाबारा (धागाकर्ता)

मडगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मोरिन्योविषयीचे म्हणणे मला पटते. मॅनेजरला त्याच्या खुर्चीच्या आयुष्याइतक्याच काळावरून जोखावे आणि त्यापलीकडचा दोष क्लबच्या पदरात टाकावा. चेल्सीने त्या काळात दोन महान खेळाडू हातचे घालवले, ही चूक क्लबची होती. हेच डी ब्रॉयने महाशय २०२५ च्या उन्हाळ्यात, चौतिसाव्या वर्षी, करार संपल्यामुळे कोणत्याही क्लबला एक पैसाही न द्यावा लागता नापोलीत आले, हे जाता जाता नोंदवतो.

स्पालेत्तीविषयी मात्र मन अजून अस्वस्थ आहे. नापोलीनंतर तो इटलीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. २०२४ च्या युरोमध्ये स्वित्झर्लंडकडून बाद झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेने ३-० ने हरवल्यावर त्याला जावे लागले. राष्ट्रीय संघात खरेदी नसते आणि सरावाचे दिवस तर आणखी कमी. माझ्या मापाची खरी परीक्षा तिथेच व्हायला हवी होती आणि तिथे माझा आवडता मॅनेजर टिकला नाही. मधली फळी यांनी सरावाच्या दिवसांविषयी जे लिहिले त्यात याचे उत्तर असावे. राष्ट्रीय संघात, खरेदीशिवाय, केवळ मॅनेजर बदलून संघ बदलल्याचे उदाहरण कोणाला आठवते का?


रूरवासी

आठवते, आणि त्यात आमचा आलेच आहे. २०२४ च्या जानेवारीत आफ्रिका चषक कोत दिव्वारमध्ये (आयव्हरी कोस्ट) सुरू झाला. गटातल्या शेवटच्या सामन्यात इक्वेटोरियल गिनीने यजमानांना त्यांच्याच देशात ४-० ने हरवले. महासंघाने मॅनेजर गासेला स्पर्धा चालू असतानाच काढले आणि त्याचा सहायक एमर्स फाए याच्या हाती संघ दिला. तोपर्यंत पुढची फेरीही निश्चित नव्हती. दुसऱ्या गटांचे निकाल जुळून आले म्हणून ते बाद फेरीत गेले. खेळाडू तेच, सरावाला दोन सामन्यांमधले मोजके दिवस. सेनेगलला पेनल्टींवर, मालीला ज्यादा वेळेत, आणि मग उपांत्य सामन्यात काँगोला १-० ने हरवले. तो एकमेव गोल आलेचा होता. गटसाखळीत तो घोट्याच्या दुखापतीने बाहेरच होता, आणि डॉर्टमुंडमध्ये त्या हंगामात गोलांच्या दुष्काळामुळे लोक त्याच्यावर नाराज होते. अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना, ८१ व्या मिनिटाला, डावीकडून आदिंग्राने चेंडू आत टाकला आणि आलेने बचावपटूच्या पुढे पाय लांबवून तो फक्त वळवला.

कोलोनचा तो गोलही ८१ व्या मिनिटालाच झाला होता.